माहेरी गेलेल्या माशा

आमच्या थोरल्या जाऊबाई फांदीला लोंबणाऱ्या मधमाशांच्या घोसात मनगटापर्यंत हात घालत, आणि घरात झुरळ दिसलं की पाटावर चढून बसत. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगते. ठाण्याजवळ कोपरीला आमच्या परसात, गोठ्याच्या भिंतीवरच्या खुंट्यांना त्यांची तीन मडकी आडवी बांधलेली असत. त्या मडक्यांत सातेरी माशा नांदत. ‘नांदत’ हा शब्दही त्यांचाच. पाळलेल्या म्हटलेलं त्यांना खपत नसे.

मिठागरातली पारू मागच्या दारी येऊन सांगे, “वयनी, आमचे चिचंवर मोहोल बसलाय,” की जाऊबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून निघत. ती भाकरी मग मी उलटायची. डोक्यावरून पदर, काखेत मडकं, मडक्याला आतून मेण आणि गवती चहाची पात चोळलेली. माशांना ओंजळीने आत लोटताना त्या हळूच म्हणत, “चला बायांनो, मागे वळून पाहायचं नाही.” घरी आल्यावर मडक्याच्या तोंडाशी तांदळाचं मापटं ठेवत. नवरीने माप ओलांडलं की ती त्या घरची झाली, माशांचंही तसंच, असा त्यांचा सिद्धान्त होता. गंमत म्हणजे तो दर वेळी खरा ठरे. चार घरांपलीकडून आणलेलं मोहोळसुद्धा पुन्हा चिंचेकडे फिरकत नसे. भावजी, म्हणजे त्यांचे यजमान, चिडवत की तुझे तांदूळ मुंग्या नेतात. मुंग्यांनाही सासर असतं, असं त्या म्हणत, आणि भावजी कचेरीला निघून जात.

त्यांचं स्वतःचं माहेर कल्याणचं. आईवडील लवकर गेले, घर चुलत्यांकडे गेलं, आणि परकरात असताना लग्न होऊन त्या ठाण्याला आल्या त्या आल्याच. कल्याण काही काशी नव्हे. मी एकदा म्हटलंही, एक दिवस जाऊन येऊ या. “वळून पाहायचं नाही, धाकटे,” एवढंच बोलून त्या मडक्यांकडे गेल्या.

त्यांना मूल नव्हतं. आळीत कोणाकडे बाळ जन्मलं की त्याच्या जिभेला लावायला मध यांच्याकडचा जाई. मध चालायचा, बोट मात्र चालत नसे. बायका दारातच वाटी घेत आणि आत जात, जाऊबाई रिकाम्या हाताने परत येत. त्या बायकांचा मला अजून राग येतो, निम्म्याअधिक मेल्या तरी येतो. मला दिवस राहिले तेव्हा हळदीकुंकवाला मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की माझ्या बाळाला पहिलं बोट थोरल्या जाऊबाईंचं. तेव्हापासून एका मडक्यातल्या मधाला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही, अगदी भावजींच्या खोकल्यालाही नाही.

त्याच हिवाळ्यात गाठीची, प्लेगची साथ आली. आळीत उंदीर मरून पडू लागले, आणि घरं सोडण्याचा हुकूम निघाला. उन्हासाठी कौलं उतरवली, भिंतींना चुना फासला, दारांवर खुणा केल्या. आम्ही सगळे रुळांपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपटांत गेलो. गाडीत भांड्यांनाच जागा नव्हती. दोन मडकी मागे राहिली. तिसरं मात्र, माझ्या बाळाचं, जाऊबाईंनी दिवेलागणीला माशा आत शिरल्यावर ओल्या फडक्याने बांधलं आणि मांडीवर घेऊन आणलं. माळावरही मापटं ठेवायला त्या विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशा माशा बाहेर पडल्या, आणि संध्याकाळी बऱ्याचशा परतल्याच नाहीत. जाऊबाई मडक्याला कान लावून बसल्या. मला वाटलं, थंडीने मेल्या. “मेल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “माहेरी गेल्या.”

झाडावर टेकलेलं मोहोळ जुनं घर सोडूनच निघालेलं असतं, ते बसवाल तिथे बसतं. नांदतं मोहोळ हलवायचं तर चांगलं कोसभर लांब न्यावं लागतं, नाहीतर माशा ओळखीच्या वाटेने मागे फिरतात. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. जाऊबाईंनी जन्मभर झाडावरचीच मोहोळं आणली होती, आणि सगळं श्रेय मापट्याला गेलं होतं.

जाऊबाई माशा आणायला आळीतल्या घराकडे निघाल्या. जायला बंदी होती, भावजी रागावले, मी पाय धरले. मला मध नको, बाळाला गुळाचं बोट लावा, असंही म्हटलं.

“गूळ कोणीही लावील,” त्या म्हणाल्या.

खुंटीजवळ भिंतीला मूठभर माशा बिलगून बसल्या होत्या. त्यांना टोपलीत भरून त्यांनी आणलं आणि मडक्यात सोडलं. सकाळी माशा पुन्हा गेल्या. संध्याकाळी जाऊबाई पुन्हा गेल्या. रोज माशा थोड्या कमी होत, आणि रोज त्या जात. मग एके दिवशी त्यांच्या काखेत गाठ आली.

त्यांना वेगळ्या खोपटात ठेवलं. माझे दिवस भरत आले होते, त्यामुळे मला कोणी आत जाऊ देईना. मी झावळ्यांच्या अलीकडे बसून राहायची. त्यांच्या अंगात ताप होता, पण बोलणं स्वच्छ होतं. “धाकटे, त्यांना वाट आठवली गं,” त्या म्हणाल्या. “मला कल्याणच्या घराचं दार कुठल्या बाजूला होतं, तेही आठवत नाही.” मी ते घर पाहिलंच नव्हतं. तोंडात पदर कोंबून मी रडले. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

माळावरच मला मुलगी झाली. मडक्यात एकही माशी उरली नव्हती. तळहाताएवढं पोळं होतं, त्यात थोडा मध होता. तो मी पिळला आणि तिच्या जिभेला लावला. बोट माझंच होतं.

ती मुलगी सासरी निघाली तेव्हा भोवतीच्या बायका तिला सांगत होत्या, आता मागे वळून पाहू नकोस. मी त्यांना बाजूला सारलं, गाडीपाशी गेले, आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड घराकडे फिरवलं.

“वळून बघ,” मी म्हटलं. “दार पूर्वेला आहे. दाराशी पांढरा चाफा आहे. नीट बघून ठेव.”