जाऊबाईंच्या दातांचा रंग

जाऊबाईंच्या जबड्याच्या हाडात स्क्रू पक्के बसले होते. आता त्यावर सिरॅमिकचे दात चढायचे होते. मी सोबतीला गेले होते. डॉक्टर रंगाचे नमुने एकेक करून त्यांच्या ओठांशी धरत होते. साठी उलटल्यावर दात नवे, तेही साडीसारखे निवडून घ्यायचे, हे बघून माझा जीव जळत होता. माझे चहाने पिवळे पडलेले दात मी ओठांआड झाकून बसले होते.

"पांढरेशुभ्र नकोत, खोटे वाटतात," जाऊबाई म्हणाल्या. "हिच्यासारखे द्या."

डॉक्टरांनी मला तोंड उघडायला लावलं. नमुना जुळला. जे मी जन्मभर लपवलं, ते त्यांनी मागून घेतलं.

आता माझाच रंग त्यांच्या हसण्यात दिसेल, आणि लोक म्हणतील, जाऊबाईंना किती शोभतो.