व्हॅम्पायरचं पाचवं शीट

ट्यूबमधून चार शीट निघाली. मी ट्यूब उलटी केली, आपटली, एक डोळा मिटून आत पाहिलं. पाचवं काही निघालं नाही.

"चारच आहेत," कुसुमताई म्हणाल्या. "मी घरीच मोजली होती."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"म्हटलं, तुम्ही जाणकार. तुम्हाला कदाचित पाच दिसतील."

कुसुमताई निवृत्त शिक्षिका. अर्ध्या उज्जैनला त्यांनी गणित शिकवलंय आणि उरलेल्या अर्ध्याला टोमणे.

माधव नगरात माझं स्कॅनिंगचं दुकान आहे. पंड्यांच्या जीर्ण पोथ्या, बिल्डरांचे नकाशे, साध्या झेरॉक्स मशीनवर मावत नाही ते सगळं माझ्याकडे येतं. हा पोटाचा धंदा. जिवाचा धंदा वेगळा. मी जुन्या लढाऊ जेट विमानांची कागदपत्रं जमवतो. मॅन्युअल, दुरुस्तीची ड्रॉइंग्ज, नोंदवह्या. सेवेतून कधीच बाद झालेल्या विमानांचीच, आणि ज्यांत आता गुप्त काही उरलेलं नाही तेवढीच. स्कॅन करून वेबसाइटवर फुकट टाकतो. बायको म्हणते, या गावात लोक पितरांचं श्राद्ध घालायला येतात, आमचे हे विमानांचं घालतात.

त्यातही माझा जीव व्हॅम्पायरवर. हे जेट विमान असूनही त्याचा पुढचा भाग, म्हणजे पायलट बसतो तो, लाकडाचा. प्लायवूडचे दोन पातळ थर, मध्ये हलकं लाकूड, सगळं चिकटवलेलं. मला कळायला लागेपर्यंत आपल्याकडची सगळी व्हॅम्पायर जमिनीवर उतरली होती. मी एकही उडताना पाहिलेलं नाही. आवाजही नाही. ज्याला मी कधी भेटलोच नाही त्याची आठवण येते, हे डॉक्टरला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे सांगतो.

ताईंचे वडील एका विमान दुरुस्तीच्या वर्कशॉपात ड्राफ्ट्समन होते. ताईंच्या जन्माआधी दोन महिने ते वारले. सहकाऱ्यांनी त्यांची रद्द झालेली ड्रॉइंग्ज आईकडे आणून दिली. त्या ड्रॉइंग्जच्या पहिल्या शीटच्या कोपऱ्यात स्वच्छ लिहिलं होतं: लाकूड-धातूचा सांधा आणि सह्या, शीट पाचवर पाहा.

सांध्यासाठी मी तळमळत होतो. परदेशात चार म्हातारे एक व्हॅम्पायर पुन्हा उभं करताहेत. लाकूड धातूला जिथे भेटतं तिथली दुरुस्ती कशी करायची, याचं ड्रॉइंग त्यांना कुठेच मिळत नव्हतं.

ताईंना सही हवी होती.

"बाबांचं अक्षर मी पाहिलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर दोघं कायम एकत्र राहिले. पत्र कोण कोणाला लिहिणार? फोटो आहे एक. त्यात ते खुर्चीसारखे ताठ बसलेत."

"या चार शीटांवर आहे की अक्षर."

"ते स्टेन्सिलचं. ते कोणाचंच नसतं."

बाई बरोबर बोलत होती.

दुसरं शीट स्कॅनरवर सरकवताना त्याची कड माझ्या बोटाला खरखरली. लेप उडाला होता, आत सूत दिसत होतं. हा कागद नसतो. याला ट्रेसिंग क्लॉथ म्हणतात. तलम मलमल, तिच्यावर खळीचा जाड लेप, इतका की आरपार दिसतं. त्यावर शाईने ड्रॉइंग काढायचं आणि आरपार उजेड टाकून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या.

ताईंचं मन रमवावं म्हणून मी गंमत सांगितली. "जुन्या ड्राफ्ट्समनच्या घरची पद्धत माहीत आहे का? रद्द शीट घरी आणायचं, उकळत्या पाण्यात टाकायचं. खळ गेली, बरीचशी शाई गेली, राहिली फुकटची मलमल. तिचे रुमाल व्हायचे, लहान मुलांची..."

ताईंनी चष्मा काढला.

"माझं बारशाचं झबलं," त्या म्हणाल्या. "त्यावर फिकट रेघा आहेत."

दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यातून झबलं आलं. एकदाच घातलेलं, नंतर कधी न धुतलेलं. मी ते खिडकीसमोर धरलं. पोटावर कॉकपिटची अर्धी कमान. बाहीवर रिव्हेटचे ठिपके. सगळं फिकट राखाडी, पण होतं. स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवला तर रेषा उठून आल्या. त्या खाली खाली येत गेल्या, सांधा सुरू झाला, आणि थेट खालच्या दुमडीत शिरला. सह्यांचा कोपराही तिथेच. दुमड दोन बोटं रुंद, उजेडात काळीकुट्ट.

"ताई, वीतभर शिवण उसवावी लागेल."

"आईचे टाके आहेत ते."

"पुन्हा शिवून देऊ. माझा टेलर देवमाणूस आहे."

"माझ्या आईपेक्षा?"

तरी सहीची ओढ त्यांनाही होतीच. त्या म्हणाल्या, भैरवगढ़ला रफीकभाईंना विचारू. रफीकभाई ठप्प्याची छपाई करतात. जन्म कापड धुण्यात आणि रंगवण्यात गेला. त्यांच्या तिन्ही मुलांना ताईंनी गणितात पास केलं होतं. टाका न दुखवता कोणी दुमड उघडू शकलं असतं तर तेच.

मी स्कूटरवर ताईंना घेऊन गेलो. रफीकभाईंनी हात पुसले, झबलं तळहातावर घेतलं आणि डोळे मिटून दुमडीवरून अंगठा फिरवला.

"बाक़ी कपड़ा तो ख़ूब उबला है," ते म्हणाले. "ये कोना पानी में गया ही नहीं. कलफ़, आप लोगों की खळ, वैसा का वैसा है. कड़क."

"चुकून राहिला असेल," मी म्हणालो.

"कैसी बात करते हो, भाई साब. उबलते पानी में से चुकून कुछ नहीं बचता. किसी ने ये कोना हाथ में पकड़के बाहर रखा है. हाथ भी जला होगा. फिर तीन बार मोड़के सिया है." त्यांनी बारीक कात्री उचलली. "खोल दूँ, बहनजी?"

मी श्वास रोखला. नाटकात पडदा उघडण्याआधी रोखतात तसा. माझा सांधा तिथे होता. त्यांचा बाप तिथे होता.

ताईंनी झबलं परत घेतलं. "नहीं, रफीकभाई. रहने दो."

परतीच्या वाटेवर मी अख्खा रस्ता भांडलो. "सही तिथेच आहे, ताई. तिच्यासाठीच तर तुम्ही आलात ना?"

"आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं," मागून आवाज आला. "पण नाव कुठे आहे ते तिला कळलं होतं. तेवढं तिने भिजू दिलं नाही, आणि दुमडीत शिवून माझ्या अंगावर घातलं. आता मी कोण उसवणार? आणि समोर बघून चालवा, सिग्नल लाल आहे."

दुकानात येऊन मी शेवटचा प्रयत्न केला. दुमड न उघडता खालून दिवा दिला आणि स्कॅन घेतला. तीन घड्यांतली शाई एकमेकींवर चढलेली. सांध्याचा पत्ता नाही, नावाचाही नाही. फक्त दुमडीच्या वरच्या काठातून एक रेघ बाहेर आली होती. स्टेन्सिलची नव्हे, हाताची. तिरकी, वर चढत गेलेली, गरजेपेक्षा बरीच लांब. सहीचं शेवटचं शेपूट.

ताई स्क्रीनकडे बघत राहिल्या. मी चहा मागवला, तो आला, निवला.

मग त्यांनी वेबसाइटसाठीचा परवानगीचा फॉर्म पुढे ओढला आणि सही केली. शेवटचं अक्षर संपल्यावरही त्यांचं पेन थांबलं नाही. तिरकं वर गेलं, चौकट ओलांडून थेट माझ्या दुकानाच्या नावावर. मी स्क्रीनकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं.

"चाळीस वर्षं हेडमास्तर मला रागवायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, सही चौकटीत करा."

पाचवं शीट आता वेबसाइटवर आहे. झबल्याच्याच आकारात, दोन्ही बाह्यांसकट. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं आहे: अपूर्ण, दुमडलेलं, उघडता येणार नाही. परदेशातल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, का उघडता येणार नाही. मी सविस्तर कळवलं. आठवडाभराने उत्तर आलं की ते सांधा दुसऱ्या एका मोडक्या विमानावरून मोजून घेतील, आणि बाईंना नमस्कार सांगा.

दोन बोटं रुंदीची ती दुमड मात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. दिवाळीला ताईंना फोन करतो तेव्हा विचारतोच, शिवण कुठे सैल झाली का. त्या म्हणतात, नाही.

धंद्यापुरता धडा एवढाच घेतला: जुनी ड्रॉइंग्ज घेऊन कोणी आलं की माझ्या फॉर्मवर आता एक जास्तीचा प्रश्न असतो. घरात लहान मुलांचे जुने कपडे आहेत का? लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. आजवर कोणी हो म्हणालेलं नाही.