सामोरं जायचं ते घरी आणायला

१९९९ साल होतं आणि मी त्रेसष्ट वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, तीही पाऊस नसेल तेव्हा. पुढं काही वर्षं शेतमजुरी आणि मग सगळा जन्म कोल्हापुरात फौंड्रीत वाळूचे साचे करण्यात गेला. लिहिणं वेडंवाकडं होईल, ते चालवून घ्यावं. पण घडलं ते तसंच लिहितो. ज्याला शंका असेल त्यानं घरी येऊन मला विचारावं.

आम्ही उचगावात राहतो. मी, बायको सुशीला, मुलगा दावीद आणि सून एस्तेर. दावीद कागलच्या एमआयडीसीत कामाला. सुशीलाची डावी बाजू लकव्यानं गेलेली. खाटेवर कूस बदलायची तरी कुणीतरी हात लावायला लागायचा. जीभ मात्र शाबूत होती, आणि ती पहिल्यापासूनच माझ्यापेक्षा तेज.

त्या वर्षी एस्तेर एका नव्या प्रार्थनासभेला जायला लागली. तिथला उपदेशक सुशीलासाठी प्रार्थना करायला आमच्या घरी यायचा. येताना एक कापडी नकाशा आणायचा आणि भिंतीच्या खिळ्याला अडकवायचा. नकाशावर ढग, कर्णा आणि कर्ण्याच्या आवाजावर वर निघालेली माणसं. खाली त्यांची रिकामी अंथरुणं, चपला, चष्मे. तो सांगायचा, दोन हजार साल उंबऱ्यावर आलंय, कधीही कर्णा वाजेल. जे तयार आहेत ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उचलले जातील. चुलीवरचा भात चुलीवरच राहील. मागं राहणाऱ्यांचे फार हाल होतील. आणि वर एकेकाचं नाव पुकारलं जाईल.

हे शेवटचं वाक्य सुशीलाच्या काळजात रुतलं. त्याला कारण होतं.

आमचं पहिलं पोर चंदगडाकडं झालं, तेव्हा आम्ही तिकडंच शेतमजुरी करायचो. आमच्यात पोराचं नाव बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकानं मोठ्यानं उच्चारायचं, त्याआधी कुणी उच्चारायचं नाही, असा माझ्या बापाचा दंडक होता. माझाही तोच. पाळक फिरतीवर यायचे. त्या पावसाळ्यात नदीनं वाट अडवली आणि ते येऊ शकले नाहीत. सुशीला म्हणत होती, नाव ठेवू या, पाणी मागनं घेऊ. मी म्हटलं, न्हाय, रीत म्हणजे रीत. पोर तापानं गेलं. गावाबाहेर ओढ्याच्या वरच्या अंगाला काजूच्या झाडाखाली मी त्याला ठेवलं. नावाशिवाय. त्यानंतर चाळीस वर्षं आमच्या घरात तो विषय निघाला नव्हता.

आता ती उपदेशकाला विचारत होती, "ज्याला नावच न्हाय, त्याला वर कसं पुकारत्यात ओ?" तो नकाशाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आपण त्यासाठी प्रार्थना करू या, आई." मी उठलो आणि त्याला म्हटलं, नकाशा गुंडाळा. तो गेल्यावर सुशीला रडायला लागली. मला राग आवरेना. म्हटलं, "तुला जायचं तर जा वर. मी हितंच ऱ्हातो. घरपट्टी भरलीया मी." ती रडता रडता म्हणाली, "तुमास्नी न्यायला येतंय कोण?" बोललो ते बोललो. ती पण बोलली ते बोलली.

पण त्या दिवसापासून तिनं अन्न कमी केलं. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटायची. डॉक्टर म्हणाले, औषध चालू आहे, पण माणसानं मनातूनच सोडलं तर आम्ही काय करणार. एस्तेर मला म्हणाली, "मामा, त्यांना फक्त एवढंच कळाया पायजे, बाळ तिथं असंल का नसंल." मी म्हटलं, मग विचारून येतो.

कोल्हापुरात आमचे जुने पाळकसाहेब होते. निवृत्त झालेले, डोळ्यांनी अधू, पण डोकं लख्ख. आधी न कळवता दुपारी त्यांच्याकडं गेलो. सगळं ऐकून ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तू फौंड्रीतला माणूस. ओतकाम जुनं दिसलं तरी साचा कधीचा आहे ते बघशील की नाही? मग ह्या नकाशाचाही साचा बघू या."

ते बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो. हा नकाशा प्रभूच्या काळचा नाही, दोनशे वर्षांचासुद्धा नाही. तिकडं आयर्लंडात एक पाळक होता, आधी वकील होता. घोड्यामुळं अपघात होऊन बरेच दिवस अंथरुणावर पडला. पडल्या पडल्या शास्त्र वाचत राहिला. पुढं त्यानं शिकवलं, की प्रभूचं येणं दोन टप्प्यांत आहे. आधी गुपचूप येऊन आपल्या लोकांना उचलून नेणार आणि नंतर सगळ्यांना दिसेल असा येणार. त्याच सुमारास स्कॉटलंडात एका आजारी मुलीला दृष्टान्त झाला होता. ही शिकवण तिच्यापासून निघाली असं काही जण म्हणतात, बाकीचे ते मानत नाहीत. मग अमेरिकेत एक बायबल निघालं, त्यात पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टिपा छापल्या होत्या. लोक वरचं आणि खालचं एकाच श्रद्धेनं वाचायला लागले आणि ती शिकवण जगभर गेली. "सांगणारे खोटे नाहीत," पाळकसाहेब म्हणाले, "वाट बघून कंटाळलेली माणसं आहेत."

मग त्यांनी मूळ काय ते सांगितलं. ग्रीस देशातल्या एका शहरात ख्रिस्ती लोकांची नवी मंडळी होती. प्रभू लवकर येणार म्हणून सगळे वाट बघत होते आणि तेवढ्यात त्यांच्यातली माणसं मरायला लागली. ते रडायला लागले, की गेलेल्यांचं काय, त्यांची तर गाठ चुकली. त्यांचे डोळे पुसायला प्रेषितानं पत्र लिहिलं. भीती घालायला नव्हे. त्यानं लिहिलं, की गेलेले आधी उठतील, मग उरलेले आपण त्यांच्याबरोबर प्रभूला सामोरे जाऊ. "त्या शहरांत रीत होती," ते म्हणाले, "राजा येणार असला की लोक वेशीबाहेर सामोरे जायचे. पळून जायला नव्हे, त्याला वाजतगाजत आत आणायला. तुमच्या गावात नवरदेवाला आणायला वेशीवर जातात तसंच. आणि कबरी कुठं असायच्या? वेशीबाहेर, रस्त्याच्या कडेला. म्हणजे राजाला पहिल्यांदा कोण भेटणार?"

गावाबाहेरचं काजूचं झाड डोळ्यापुढं उभं राहिलं. पाळकसाहेबांनी चहा घे म्हटलं, मी थांबलो नाही. ही एक गोष्ट घरी पोचवायची होती.

एसटीतून उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एसटी फाट्यावर खोळंबली होती तेव्हापासून गल्लीमागच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येत होता. पाळी सुटायची ती वेळ नव्हती, आणि तो थांबेचना. वाजत राहिला, वाजत राहिला आणि मध्येच गप्प झाला. मी आमच्या गल्लीकडं वळलो.

नाक्यावर चहाच्या गाड्यावर स्टोव्ह फरफरत होता, चहा उतू जाऊन जळत होता. गाडीवाला नव्हता. किराणा दुकान उघडं, तागडीत अर्धवट तोललेली डाळ. पुढं सार्वजनिक नळ मोकळा वाहत होता आणि घागर भरून पाणी गटारात चाललं होतं. मी तिथंच थबकलो. आमच्या गल्लीत त्या नळावर बायका एकमेकींच्या झिंज्या धरायला कमी करत नाहीत, आणि आज नळ चालू असताना तिथं एकही बाई नाही. हाक मारली. माझीच हाक घरांवर आपटून परत आली. शेवग्याखाली कुणाच्या तरी कोंबड्या आडव्या पडल्या होत्या, झोपल्यासारख्या. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

आमचं दार सताड उघडं. चुलीवर भात रटरटत होता. उंबऱ्यापाशी एस्तेरच्या चपला. मी आत गेलो. सुशीलाची खाट जागेवर होती आणि तीवर सुशीला नव्हती. वाकळ बाजूला सरलेली, उशीला डोक्याचा खळगा आणि उशीजवळ तिचा चष्मा घडी करून ठेवलेला. हात लावला तर अंथरूण अजून कोमट होतं. जिला कूस बदलता येत नाही, ती कुठं जाणार?

खरं सांगतो, त्या क्षणी मला पाळकसाहेबांचं एक अक्षर आठवलं नाही. भिंतीवरचा रिकामा खिळा तेवढा दिसत होता. मनात आलं, नकाशावाला खरा निघाला. कर्णा वाजला, ती गेली, एस्तेर गेली, गल्लीतली सगळी गेली आणि मी एकटा मागं राहिलो. ती विचारत होती त्याचं उत्तर आता माझ्याजवळ होतं, आणि ऐकायला ती नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, नाकात झोंबायला लागलं, छाती आवळली. मला वाटलं, मी रडतोय. मी बापाच्या मयताला रडलो नव्हतो, म्हणून स्वतःचाच संताप आला. तिच्या खाटेवर बसलो. म्हटलं, घरपट्टी भरलीया, बस आता हितंच. दाराबाहेर जमिनीलगत पांढुरकं धुकं सरकत येताना दिसलं. हिवाळ्यात धुकं पडतं, पण सकाळचं. हे दुपार उलटून गेल्यावर येत होतं, आणि ते उंबरा चढलं.

त्या धुक्यातून एक माणूस आत आला. डोकं आणि तोंड ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, फक्त डोळे दिसत होते. म्हणाला, "पावणं, उठा."

त्यातही मला राग आला. माझ्याच घरात मला पावणं म्हणतो. म्हटलं, "मी न्हाय येत. माझं माणूस सापडंना."

"त्या पुढं गेल्यात. तुमास्नी न्यायला आलोय."

"कुणी धाडलंय?"

त्यानं हात पुढं केला. मी त्रेसष्ट वर्षांत कुणाचा हात धरून चाललो नव्हतो. ह्या वेळी धरला. हात गार आणि ओला होता. दुसऱ्या हातानं त्यानं ओला टॉवेल माझ्या तोंडावर दाबला. मला काही दिसत नव्हतं. कुठं नेतोय ते विचारायचं बळ नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही. पाय आपोआप पडत होते. एवढं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

टॉवेल निघाला तेव्हा आम्ही गावाबाहेर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, उसाच्या मोकळ्या रानात होतो. अख्खी गल्ली तिथं बसली होती, खोकत, डोळे चोळत. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली होती. भोंगा त्यासाठीच. पोलिसांनी जीप फिरवून आहे त्या कपड्यांनिशी सगळ्यांना बाहेर काढलं होतं. चहाचा गाडीवाला मला बघून म्हणाला, "आलासा व्हय आजोबा? माझा स्टोव्ह बंद केलासा का न्हाय?" आजूबाजूचे हसले. मी मागं वळलो. तो माणूस नव्हता.

सुशीलाला गल्लीतल्या पोरांनी दुसऱ्या एका खाटेवर घालून उचलून आणलं होतं. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. ती डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होती, चष्मा घरी राहिल्यामुळं.

"उचलली तवा मला वाटलं, आलाच कर्णा," ती म्हणाली. "मी पोरांस्नी वरडले, थांबा रं, घरचं माणूस यायचंय. ऐकतंय कोण माझं."

"मला न्यायला माणूस कुणी धाडला? तू?"

"मी कशाला धाडू? तुमी कोल्हापुरात हाय म्हणून मी निवांत हुते की."

एस्तेरनंही कुणाला सांगितलं नव्हतं. मी परत आलोय हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पोलिसांना विचारलं, कारखान्यातल्या लोकांना विचारलं, पुढं कितीतरी दिवस विचारत राहिलो. गल्लीत परत कुणी शिरलं असेल असं कुणी म्हणेना. कारखान्याचा एखादा कामगार असेल, असं दावीद म्हणतो. असेल. मी वाद घालत नाही. ज्यानं तो माणूस पाठवला त्याचे आभार मी रोज मानतो, त्यासाठी त्याचं नाव-गाव कळायलाच पाहिजे असं नाही. सगळं आयुष्य मी दार आतून धरून बसलो होतो. एकदा कुणीतरी हात दिला आणि मी तो धरला, एवढंच माझ्याकडून झालं. बाकी सगळं त्याच्याकडून.

तिथंच, त्या रानात, मी सुशीलाला वेशीची गोष्ट सांगितली. राजाला सामोरं जायचं ते त्याला घरी आणायला, आणि त्याला आधी भेटणार ते वेशीबाहेर निजलेले. तिनं पुन्हा सांगायला लावली. मी पुन्हा सांगितली. मग ती म्हणाली, "मी त्याला यशवंत म्हणायचे. तुमी कामाला गेल्यावर. हळूच." चाळीस वर्षं तिनं ते नाव एकटीनं सांभाळलं होतं. घरी परतल्यावर तिनं एस्तेरकडून भात मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मी चंदगडला गेलो आणि तिथून चालत आमच्या जुन्या गावी. ओढा बारीक झालेला, काजूची झाडं वाढून दाट झालेली. आमचं झाड नेमकं कोणतं ते ओळखू येईना. मग मी टोपी काढली आणि त्या सगळ्या झाडांकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "यशवंता." झाडं हलली नाहीत. परत हाक मारली. पलीकडं पाचोळा गोळा करणारी एक बाई उभी राहिली आणि तिनं विचारलं, "कुणाला हाका मारताय ओ आजोबा?"

"माझ्या पोराला," मी म्हटलं.