तिसऱ्या मनगटाचा शिक्का

"हात भायेर काढा! न्हाईतर घोंगडी फाडून आत येतो!"

दरबारचा हवालदार आमच्या ओसरीवर उभा राहून असा ओरडत होता, की तोरण्यावरची गिधाडं उठून थेट कोकणात उतरली असतील. दारावर टांगलेल्या घोंगडीआड, माजघरात, मी नि माझ्या सासूबाई एकमेकींकडे बघत उभ्या. घरातली तिसरी बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती मागे बाजेवर पडलेली. सात दिवसांची बाळंतीण, कुशीत पोर, आणि अंगात असा ताप, की कपाळावर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती.

आमच्या पासली गावात त्या साली भातकापणीच्या तोंडावर खालच्या आळीत उंदीर पडले. उंदरांमागून माणसं पडतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भोरच्या दरबाराचा हुकूम आला : घराघरातल्या प्रत्येकाचा ताप मोजायचा, काखा-जांघांतल्या गाठी बघायच्या. ताप निघाला की माणूस मार्गासनीच्या वाटेवरच्या माळावर, गवती छपरात. लपवलं तर घरधनी तुरुंगात. हुकूम खोटा होता असं मी म्हणत नाही. पण दोन सालांमागच्या साथीत धाकटीच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या दिराची, पहिली बायको याच बाजेवरून उचलून नेली होती. चार दिवसांची बाळंतीण, गाठ एक नाही, नुसता ताप. पोर घरीच राहिलं. ते तीन दिवस रडलं नि मग थांबलं. ती छपरात त्याच्या आदल्या दिवशीच मेली होती.

आता दुसरीची पाळी होती.

परका पुरुष बायकांच्या काखा तपासणार म्हटल्यावर गावानं एवढा गलका केला होता, की दरबारला वाकावं लागलं. ठरलं असं : दाराला घोंगडी लावायची. ताप बघायची काचेची कांडी आत द्यायची, बाईनं ती काखेत धरून परत करायची आणि मग मनगट बाहेर काढायचं. त्यावर कारकून जांभळ्या शाईचा शिक्का मारणार, म्हणजे एकच बाई दोनदा मोजली जायला नको. गाठी घरच्या म्हातारीनं चाचपून देवाच्या शपथेवर सांगायच्या.

सासूबाईंनी धाकटीला दोनदा चाचपलं होतं. गाठ असती तर त्यांनीच तिला माळावर धाडलं असतं, अशी ती बाई. पण गाठ नव्हती. उरली होती फक्त कांडी, आणि कांडीचा बंदोबस्त मी केला होता. सरकार लई हुशार, पण बाईला मनगटं दोन असतात हे ते विसरलं. कांडी दोन्हीदा माझ्याच काखेत; माझ्या नावावर उजवा हात, धाकटीच्या नावावर डावा. घोंगडीतून कोणाला काय कळतंय?

सासूबाईंना ताप निघाला नाही. मलाही नाही. त्यांच्या मनगटावर नि माझ्या उजव्या मनगटावर शिक्का बसला.

"तिसरी बाई!" कारकून ओरडला.

कांडी आत आली. मी डावा हात पुढे केला, पण ती माझ्या बोटांपर्यंत पोचलीच नाही. माझ्या खांद्यावरून एक हात गेला नि त्यानं ती घेतली. मला वाटलं, ही वेडी धाकटी उठली की काय! ओरडता येईना, वळता येईना. माजघराला खिडकी नाही. बाजेखालच्या शेगडीची लाली तेवढी, आणि ओव्याची धुरी. त्या धुरीला एकाएकी ओल्या गवताचा वास आला.

बाहेर दरबारचे डॉक्टर घड्याळ धरून थांबले. कांडी बाहेर गेली.

"अहो बाई, ही काखेत धरलीत की पाण्यात? पारा जागचा हललेला नाही. पुन्हा धरा."

पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पारा तिथंच.

"सायेब, कांडीच मेली असंल," हवालदार म्हणाला.

डॉक्टरांनी ती स्वतःच्या काखेत धरून बघितली. "माझ्या अंगात नीट चढतो की," ते म्हणाले, आणि त्यांनी कांडी झटकली. मग म्हणाले, "ताप नाही एवढं खरं. लिहा, ताप नाही. बाईंना गरम पेज द्या, गार पडल्यात."

"मनगट!" कारकून म्हणाला.

तो हात माझ्या कानाजवळून बाहेर गेला. घोंगडीच्या फटीतून उन्हाचा पट्टा त्यावर पडला, तेव्हा मला गोंदण दिसलं. ओळीत चार ठिपके. माझ्या हातावर पाच आहेत. मार्गासनीच्या बाजारात आम्ही दोघी जावा एकाच दिवशी गोंदायला बसलो होतो, आणि पाचव्या ठिपक्याला ती असा हंबरडा फोडून पळाली, की गोंदणारीण सुई घेऊन बाजारभर तिच्या मागे. आम्ही दोघी म्हणजे मी आणि ती पहिली. धाकटीच्या हाताला गोंदणाचा ठिपका नाही.

"शाई धरत न्हाई हो हिच्या हाताला," कारकून बाहेर कुरकुरला नि त्यानं शिक्का पुन्हापुन्हा हाणला.

ती सगळी मंडळी पुढच्या घराकडे गेली तशी मी घोंगडी ओढून काढली. उजेड आत आला. धाकटी वाकळेखाली गाढ झोपलेली. तिची दोन्ही मनगटं मी पालथी-उताणी करून बघितली. कोरी. माझं डावंही कोरं. शिक्के तीन मारले होते आणि घरात होते दोनच.

मी वाढवून सांगते, हे उभ्या वेल्ह्याला ठाऊक आहे. भाकरीचं नि गिधाडांचं सोडून द्या. पण हे सांगताना मी आवरतेच आहे. धाकटीचा ताप तिसऱ्या दिवशी घामावाटे गेला. तिच्या पोराच्या लग्नात मी नाचले.

त्या दुपारी सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "आत्याबाई, तिसरा हात कुणाचा?"

त्यांनी मान वर केली नाही.

"घरातल्याच बाईचा," त्या म्हणाल्या. "भात लागतोय, उतरव."