शकूची साडी आणि माझं खमीर

बहिणीची लग्नाची साडी मी लग्नाच्या आदल्या दिवशी काळी केली, आणि तीही शास्त्रशुद्ध पद्धतीनं.

बहात्तरचा दुष्काळ सरला होता. मी परतूरला शाळेत सायन्स शिकवायचो. एका मासिकात वाचलं, की खमिरातली विकरं टॅनिन फोडतात. टॅनिन म्हणजे चिंचोक्याच्या टरफलातला तो तुरटपणा. त्याच्यामुळं चिंचोक्याची खळ घोंगडीला चालते, पांढऱ्या कापडाला मात्र डाग पाडते. टॅनिन गेलं, की माझी खळ थेट कापडगिरण्यांत! एका गिरणीच्या साहेबांना पत्रही टाकलं. ("नमुना पाठवा," असं उत्तर आलं. ते मी दोन महिने खिशात घालून हिंडलो.)

जालन्याला जाऊन मस्तगडातल्या बेकरीतून खमीर आणलं आणि चिंचोके टरफलासकट कुटून मडक्यात भिजवले.

"आरं बापू, भाजून टरफलं काढ की आधी," माय म्हणाली.

"माय, तो अडाणीपणा झाला. टरफलं खमीर खाणार!"

"आन् त्याला न्हाई आवडली मंग?"

असले प्रश्न मी वर्गातही घेत नसे.

आठ दिवस रोज चाखून पाहिलं. आठव्या दिवशी खळ मुळीच तुरट लागेना. यश! (जीभ बधिर झाली होती. जेवणात मीठही लागत नव्हतं, पण ते मी मायच्या स्वयंपाकावर ढकललं.)

आता पांढरं कापड हवं होतं. घरात नवं पांढरं कापड एकच, शकूची साडी. आम्हा बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते, आणि दुसऱ्या दिवशी वाटूरहून वऱ्हाड येणार होतं.

"दादा, साडीला हात लावू नको," शकूनं बजावलं होतं. मी हात लावला नाही, खळ लावली.

आचाऱ्यानं बुंदीसाठी आणलेली लोखंडी कढई अंगणात मोकळी होती. तीत खळ शिजवली आणि साडी बुडवली. टॅनिनला लोखंड भेटलं की काळी शाई होते, हे मी दरवर्षी मुलांना शिकवतो. शिकवताना बरोबर आठवतं!

साडी आधी जांभळट झाली, मग राखाडी. मी कोपरापर्यंत हात घालून बाहेर ओढली, तोवर काळीकुट्ट!

शकू आली, मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

"काय करून राह्यला रे हे?" माय ओरडली.

"प्रयोग."

"उद्या मांडवात प्रयोग नेसू का मी?" शकू हुंदके देत म्हणाली.

"जल्दी बाजारात जा," माय मला म्हणाली, "असतील तेवढी लिंबं आण!"

शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या मायनं लिंबू आणि मीठ चोळचोळून संध्याकाळपर्यंत साडी पुन्हा पांढरी केली. वर तांदळाची पेज लावत विचारलं, "ही खळ चालंल का तुमच्या सायन्सला?"

मी माझे काळे हात पुढं केले. "माय, ह्यांचं काय?"

"लिंबं संपली."

लग्नाचा फोटो अजून शकूच्या भिंतीवर आहे. वंदनेला सगळे हात जोडून उभे आहेत. मी एकटा हात पाठीमागं दडवून, मान खाली घालून. परवा भाचीनं विचारलं, "मामाला पोलिसांनी पकडून आणल्तं का गं?"

"न्हाई," शकू म्हणाली, "त्या दिवसापुरता जामिनावर सोडल्ता."