नादारीची तपासणी

भाऊसाहेबांनी काठीच्या टोकानं आमच्या मडक्यावरचं झाकण उचललं. वाकून आत पाहिलं. तांदूळ किती आहेत ते. मग दुसरं मडकं. मग तिसरं. पायांत वहाणा तशाच. माझी आई भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या चुलीपाशी आजवर परका पुरुष आला नव्हता.

भाऊसाहेब आणि त्यांच्याबरोबरचे मास्तर चोरी पकडायला आले नव्हते. मला मदत करायला आले होते.

कर्जतला एक उद्योगशाळा होती. सुतारकाम, लोहारकाम, यंत्राचं काम तिथं शिकवत. तिथला मुलगा पुढे भिवपुरीच्या वीजघरात फिटर होऊ शके. मला तेच व्हायचं होतं. आम्ही खालापूरकडची कुळं. दुसऱ्याच्या शेतातून बाहेर पडायची मला तेवढी एकच वाट दिसत होती. फी झेपणारी नव्हती, पण शाळेत नादारी मिळे, म्हणजे फी माफ. कोणाला? तर 'गरीब, होतकरू आणि सुशील' विद्यार्थ्याला. होतकरू कोण ते मास्तरांनी ठरवायचं. सुशील कोण ते शाळेच्या अध्यक्षांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी. आणि गरिबी? ती घरी येऊन तपासायची. ज्या माणसानं जन्मात कधी भूक सोसली नाही, त्याला म्हणे गरिबीची पारख!

मंडळी येणार हे कळल्यावर माझ्या बानं आमच्या गावात कोणीही करील तेच केलं. देवळात गेला आणि गावकीची भांडी घेऊन आला. पितळी ताटं, तांब्याचा हंडा, बसायला जाजम. ही भांडी सगळ्या गावानं मिळून घेतलेली. लग्न असो, बारसं असो, सोयरीक बघायला कोणी येवो, ती त्या घरी जातात. पाहुण्यापुढं ती कोणाची हे बोलायचं नसतं. बाच्या लेखी हे पाहुणेच होते. आपल्या पोराची शाळा आपण हौसेनं बुडवतोय हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

आमच्या घरचं पाणी भाऊसाहेबांना चालत नव्हतं. दूध चाललं. गूळपोहे चालले, तेही दोनदा वाढून घेतले. मास्तरांनी ताट चाटायचंच बाकी ठेवलं. हात पुसले आणि मग आत शिरून मडकी पाहिली. बाहेर येऊन जाजमावर बसत भाऊसाहेब म्हणाले,

"घरात तांबं आहे, पितळ आहे. नादारी कशाला रे मागता?"

मी बाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याची मान खाली. तो बोलणार नव्हता, मेला तरी नाही. मग मीच बोललो.

"ती गावकीची हायेत. आमची नाय."

आईनं तोंडाला पदर लावला. भाऊसाहेब मास्तरांकडे वळले. "म्हणजे आपल्याला फसवलं. मग हा मुलगा सुशील कसला?"

घ्या! भांडी आमची, तर मी गरीब नाही. भांडी गावाची, तर मी सुशील नाही. काय ते डोकं! असं डोकं चालायला पिढ्यान्‌पिढ्या आयतं बसून खावं लागतं.

जाताना मास्तर मागं रेंगाळले. म्हणाले, भाऊसाहेब मनानं मोठे आहेत. शनिवारी बापाला घेऊन शाळेत ये. त्यानं सगळ्यांसमोर कान धरून चूक कबूल केली की नादारी मंजूर.

"कानच धरायचं हाय ना?" बा मला म्हणाला. "धरतो रं. तू शीक."

शनिवारी त्यानं धुतलेलं मुंडासं बांधलं. शाळेत सगळी मुलं ओळीनं उभी केली होती. नादारीवाली मुलं शेवटच्या ओळीत. शाळेच्या कारखान्यातला लाकडाचा भुसा झाडायचं काम त्यांच्याकडेच असे. भाऊसाहेब खुर्चीत बसले होते.

"धर कान."

बा कसनुसा हसला. त्याचा हात वर गेला. पुढच्या ओळीतलं कोणीतरी खुदकन हसलं. आणि मला लख्ख कळलं. या लोकांना तांदळाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हा हात कानाला लागलेला बघायचा होता. माफ काहीच होत नव्हतं. माझी फी माझ्या बापाकडून वसूल होत होती.

मी त्याचा हात धरून खाली ओढला.

"बा, चल."

"अरं थांब की..."

"चल. ह्यांच्यापाशी शिकन्यासारखं काय नाय."

"उपाशी मराल," भाऊसाहेब म्हणाले.

"मरू. पन तुमाला बघाया बोलावनार नाय."

घरी येईपर्यंत बा मला शिव्या घालत होता. त्याचा राग खरा होता, माझी शाळा गेली होती. फिटर मी झालो नाही. वीजघरात घण मारतो. घणकऱ्याला कोणी सुशील आहेस का विचारत नाही. शाळेची ओढ अजून सुटलेली नाही, आणि राग तर नाहीच नाही.

मागल्या वर्षी शाळेच्या समारंभात भाऊसाहेबांचा सत्कार झाला. गोरगरिबांचे कैवारी! गळ्यात हार. टाळ्या वाजवायला नादारीची मुलं पुढं बसवली होती.

यंदा मंडळी कळंबकडे तपासणीला जाणार आहेत. तिथल्या नादारी मागणाऱ्या घरांत मी आधीच जाऊन आलोय. माझ्यासारखे आणखी काही जण बरोबर होते, कोणी शाळेतनं हाकललेले, कोणी दारातनंच परत गेलेले. आमचं ठरलंय. मंडळींना वेशीच्या आत पाऊल टाकू द्यायचं नाही. पोरं शिकायला येतायत, स्वतःला तपासून घ्यायला नाही, हे त्यांना तिथंच सांगायचं. फी माफ केली तर ठीक. नाही केली तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात आम्ही बसणार, बायकांसकट, म्हाताऱ्यांसकट. माझा बा पण येतो म्हणालाय. आमची पोरं आत जाईपर्यंत तिथनं कोणी आत जाणार नाही. भाऊसाहेबही नाहीत.