पावाशिवायचा बर्गर

तन्वीरला हृदयात स्टेंट बसवून कोकणात बुरोंडी गावच्या घरी आणलं, त्या दिवसापासून त्याच्या बायकोने, तस्नीमने पाव आणि तळण बंद केलं होतं. पण कुवेतच्या नोकरीत त्याला बर्गरची चटक लागली होती. म्हणून त्या संध्याकाळी शाळेत शिकवून आल्या आल्या ती ओट्याशी उभी राहिली. चिकनच्या खिम्याच्या टिक्क्या तिने थेंबभर तेलात भाजल्या, वाडग्यात कोबी, काकडी, टोमॅटो चिरून त्यावर ठेवल्या आणि वरून लसूण घातलेलं घट्ट दही ओतलं.

तन्वीरने वाडगा सरकवला. "बकरीचा चारा दिलास काय? पाव कुठाय?"

तस्नीमचं डोकं फिरलं. "आयसीयूच्या दाराशी मी एकटी रडत बसले होते, तेव्हा तुमचा पाव आला होता काय सोबतीला? मरायचंच असेल तर सांगा, मी रांधायचीच थांबते!"

तिने वाडगा ओढला आणि त्याच्यासमोर बसून स्वतःच खायला लागली. मग तन्वीर आत जाऊन उरलेल्या टिक्क्या आणि कोबी ताटलीत घेऊन आला.

"चव आहे गो," दोन घासांनंतर तो पुटपुटला.

तस्नीमने मान वर केली नाही. त्याने माफी मागितल्याशिवाय ती त्याच्याशी बोलणार नव्हती, आणि माफी त्याने अजून मागितली नव्हती.